चांदी

दुसऱ्या शनिवारी जेवून आडवं व्हायचं, हा बँकेच्या नोकरीने मला दिलेला एकमेव ऐषआराम. गेले दोन महिने तोही शेजारच्या मुलाने काढून घेतलाय. बारावीत आहे, गिटार शिकतोय. मुलुंडच्या जुन्या इमारतीतली आमची सामाईक भिंत इतकी पातळ, की पलीकडे कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडे गॅस बारीक केला जातो.

गाणं रोज एकच. जिना उतरत यावं तसे सूर उतरत येतात, चौथ्या पायरीवर बोट अडकतं, एक इंग्रजी शिवी ऐकू येते, की पुन्हा वरून सुरुवात. त्या चौथ्या पायरीची वाट बघत मी छताकडे डोळे लावून पडलेला असतो.

परवा गॅलरीत टॉवेल काढत होतो, तर त्याच्या आजीने, म्हणजे शेजारच्या काकूंनी, हटकलं. "तुला कळतं ना रे इंग्लिश गाण्यांतलं? काय वाजवतो हा एवढं? भजनासारखं गोड लागतं कानाला."

"सुईवर आहे, काकू. सुई आणि तिने केलेलं नुकसान."

काकूंनी चाळीस वर्षं साड्यांना फॉल लावलेत. त्या क्षणभर थांबल्या आणि मग मान डोलवत म्हणाल्या, "खरं लिहिलंय हो. माझे डोळे सुईपायीच गेले." आत जाऊन नातवाला सांगितलं, "वाजव रे तू, चांगलं आहे." परत येऊन माझ्या हातात चांदीच्या कागदातली दोन चॉकलेटं ठेवली, कुणाच्या तरी वाढदिवसाची.

मी खुलासा केला नाही. गाण्याचा अर्थ सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे, त्यात आपण भर कशाला घाला?

चॉकलेटं बायकोने खाल्ली. मी कागद घेऊन बसलो. चांदीचा कागद अंगठ्याच्या नखाने पार सपाट केल्याशिवाय मला टाकवत नाही. मधून बाहेरच्या बाजूला, एकेक सुरकुती काढत. "झालं का इस्त्री करून?" असं बायको विचारते. तिला वाटतं, हा वयाचा परिणाम.

लालबागच्या चाळीत आम्ही पोरं सिगरेटच्या पाकिटातली चांदी जमवायचो. पानाच्या टपरीखाली, सिनेमाच्या थिएटरबाहेर, गणपतीत मांडवामागे. वाटीभर पाण्यात भिजवायची, मागचा पांढरा कागद हलक्या हाताने सोलायचा, ओली चांदी खिडकीच्या काचेवर चिकटवून वाळवायची. दिवाळीत कंदिलाच्या करंज्यांना लावायला. निदान सुरुवातीला तरी त्यासाठीच.

टोकाच्या खोलीत एक दादा होता. गिरणी संपानंतर त्याचे वडील घरीच असायचे आणि दिवसभर चाळीच्या जिन्याकडे बघत बसायचे. दादा तेव्हा विशीतला. त्याच्या मामाने मस्कतहून आणलेला टू-इन-वन आमच्या मजल्यावरची सर्वांत श्रीमंत वस्तू होता. कॅसेटवर बॉलपेनने लिहिलेलं: 'इंग्लिश १'. दाराशी घुटमळलो की दादा विचारायचा, "चांदी आहे का रे?" चार-पाच तुकडे दिले की एक गाणं. भाव ठरलेला नव्हता, पण साधारण असाच होता. कागद सोललेली, सुरकुती नसलेली चांदी दिली तर तो खूश होऊन दुसरंही ऐकवायचा. रॉक नावाचं जे काही माझ्या कानात शिरलं, ते असं रोख पैसे मोजून शिरलं.

त्यातलं एक गाणं आमचं लाडकं होतं, कारण त्यात कोकण होतं. गाणारा काहीबाही बोलायचा आणि शेवटी तोच शब्द: "कोकेन!" आम्ही पोरं गॅलरीत रांगेने बसून टाळ्यांवर ओरडायचो, "कोकऽऽण!" चाळीत अर्धी बिऱ्हाडं रत्नागिरीची, उरलेली सावंतवाडीकडची. कुणाला खटकणार? माझी आजी तांदूळ निवडताना ऐकायची आणि शेजारणीला सांगायची, "बगलंस, सायबाकव कोकण आवडता!"

हे गाणं मुळात जे. जे. केलने लिहिलेलं, १९७६चं. पुढच्याच वर्षी एरिक क्लॅप्टनने गाऊन ते जगभर नेलं. ते नशेच्या विरोधात आहे, असं क्लॅप्टन सांगत राहिला. पण श्रोते ज्या उत्साहाने तो शब्द ओरडतात तो पाहता त्याचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. मग तो मैफलीत त्या शब्दाआधी 'घाणेरडं' अशा अर्थाचं एक विशेषण जोडून गायला लागला. स्वतः त्या सगळ्यातून बाहेर पडल्यावर १९९८ मध्ये त्याने कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्रही काढलं. केंद्राचं कौतुकच आहे, पण विशेषणाचं मला हसू येतं. लालबागच्या गॅलरीत ते विशेषण कुणाला ऐकू आलं असतं?

आमच्या मंडळाने एका वर्षी दारूबंदीवर नाटुकलं बसवलं होतं. बायको रडते, मुलं उपाशी, शेवटी सगळे मिळून शपथ घेतात, असलं. बेवड्याचं काम करणारा आमच्याच चाळीतला, आणि त्या रात्री तो अभिनय करत नव्हता, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना वासावरून कळत होतं. वन्स मोअर त्यालाच मिळाला. दुसऱ्या दिवशी मैदानात आम्ही वीसेक पोरं त्याच्यासारखे झोकांड्या खात फिरत होतो. शपथेतला एक शब्द कुणाला आठवत असेल तर शपथ.

ॲलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडचा गायक लेन स्टेली याची एक मुलाखत मी पुढे वाचली, १९९६ मधली. हेरॉइनने काय होतं हे त्याने गाण्यांत अगदी सोलून ठेवलं होतं. १९९२चा त्यांचा अल्बम आजही मी एका बैठकीत पुरा ऐकू शकत नाही, डोकं जड होतं. आणि याला चाहते भेटत ते अंगठा वर करून सांगत, की आम्हीही आत्ता तारेत आहोत. नेमकं हेच व्हायला नको होतं, असं तो म्हणाला. २००२च्या एप्रिलमध्ये तो त्याच्या घरात मेलेला सापडला. त्या अंगठेवाल्यांना दोष द्यावा तर मला आमची गॅलरी आठवते.

गर्द हे हेरॉइनच्या पुडीचंही नाव, पण तो शब्द तोवर आम्हाला झाडीपुरता माहीत होता. १९८६-८७ च्या सुमारास मी सहामाहीच्या निबंधात 'गर्द झाडी' लिहिलं, बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. कशाला हसले ते मला कळलं नाही. चाळीतले पितळी नळ मात्र तेव्हाच जायला लागले होते. आधी संडासातला, मग मोरीतला. सकाळी पाणी आलं की नुसत्या पाइपातून धो-धो वाहायचं आणि बायका बादल्या घेऊन धावायच्या. शेवटी सगळीकडे प्लास्टिकचे नळ बसले आणि चोऱ्या थांबल्या. गॅलरीत वाळत घातलेल्या तांब्याच्या कळश्या लोक आत ठेवू लागले. मोठी माणसं टोकाच्या खोलीवरून जाताना आवाज बारीक करायची.

गर्द चांदीवर ठेवून खालून काडी लावतात, हे मला कळलं तेव्हा मी नववीत होतो. वर्तमानपत्रात फोटो आला होता. मी तो पेपर रद्दीत सगळ्यात खाली घातला.

दादा गाण्यांमुळे त्या वाटेला गेला का? चाळीत बऱ्याच जणांनी तसा निकाल दिला होता, टू-इन-वनकडे बोट दाखवून. पण त्याच टू-इन-वनवर सकाळी सहाला त्याचे वडील अभंग लावायचे, भिंतीपलीकडून सगळा मजला ऐकायचा, आणि आमच्यापैकी पंढरीची वाट कुणी धरल्याचं मला आठवत नाही. मी तर तीच गाणी ऐकली, त्याच्यापेक्षा मन लावून ऐकली असतील, आणि माझं व्यसन म्हणजे चार वाजताचा चहा.

ही गोड वकिली मी अनेक वर्षं करत आलोय. भिंतीपलीकडे ते गाणं सुरू झालं की मात्र ती जरा लंगडी पडते. नील यंग या गायकाचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' आहे ते, जेमतेम दोन मिनिटांचं. एक गिटार, एक आवाज, लॉस एंजेलिसच्या एका सभागृहात जानेवारी १९७१ मध्ये लोकांसमोर गायलेलं. शेवटी मावळत्या सूर्याची उपमा येते, टाळ्या सुरू होतात आणि रेकॉर्डवर कुणी दार लोटावं तशा मध्येच तुटतात, लगेच पुढचं गाणं. त्याचा साथीदार डॅनी व्हिटन हेरॉइनपायी वाया चालला होता, त्या काळजीतून आलेलं. रेकॉर्ड निघाली फेब्रुवारी १९७२ मध्ये. डॅनी गेला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. गाणं त्याच्या आधी पोचलं होतं, नऊ महिने आधी.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्येच मुक्तांगण सुरू केलं होतं. आमच्या मजल्याला पुणे फार लांब होतं. आमच्याकडे कावीळ, प्रेमप्रकरण, नापास होणं, सगळ्यावर एकच औषध: गावाला पाठवणे. दादालाही एका रात्री दोन मामांनी मध्ये बसवून एसटीने नेलं. कोकणात. आम्ही पोरं त्याला निरोप द्यायला जिन्यात उभे होतो आणि कुणीतरी हळूच ओरडलंसुद्धा, "कोकऽऽण!" तो हसला.

चार महिन्यांनी आला. काळा झालेला, अंगाने भरलेला, खांद्यावर फणस. त्याच्या आईने मजल्यावर सगळ्यांना गरे वाटले, प्रत्येकाच्या दारात थांबून. त्याच्या वडिलांना मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाशी तरी हसून बोलताना पाहिलं.

संध्याकाळी मी त्याच्या दाराशी गेलो. त्याने काही मागितलं नव्हतं. मीच चार महिने जमवली होती, भूगोलाच्या पुस्तकात दाबून, एक सुरकुती नाही. त्याने पुस्तक उघडलं, पानं उलटत गेला, बराच वेळ काही बोलला नाही.

मग उठून दार लोटून घेतलं आणि मला कॅसेटची अख्खी एक बाजू ऐकवली.