एका क्रेडिटमध्ये ‘द पनिशर’: माझा अनुभव

कॅपकॉम या कंपनीने १९९३ साली काढलेल्या ‘द पनिशर’ या आर्केड, म्हणजे पार्लरच्या मशीनमध्ये नाणे टाकून खेळायच्या, गेमविषयी खेळणाऱ्यांची मते टोकाची आहेत. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन: आर्केड क्लासिक्स’ या संग्रहातून सप्टेंबर २०२४ मध्ये हा गेम पुन्हा लोकांच्या हाती आला, तेव्हापासून ही दुफळी अधिकच ठळक झाली आहे. संग्रहातील सात गेमपैकी सहा समोरासमोरच्या लढतीचे आहेत आणि हा एकटाच रस्त्याने पुढे जात टोळ्यांना झोडपण्याचा आहे. त्यामुळे कुणाला तो भलत्या पंगतीत बसलेला पाहुणा वाटतो, तर कुणी म्हणतो की संग्रहाचे सगळे पैसे याच एका गेमने वसूल झाले. सेगाच्या घरगुती कन्सोलवर पूर्वी आलेल्या, गर्दी आणि तोडफोड बरीच कमी केलेल्या आवृत्तीवरून बनलेले तिसरेही एक मत आहे, परंतु ते मूळ गेमविषयी नाही आणि म्हणून मी ते बाजूला ठेवतो.

आमच्या इंदूरच्या घरात पहिली दोन्ही मते एकाच वेळी नांदत होती. पंधरा वर्षांच्या भाच्याने गेम एका बैठकीत संपवला आणि “मामा, यात आहे काय? मरायचं, स्टार्ट दाबायचं, पुढे जायचं,” असा निकाल दिला. राजवाड्याच्या आसपासच्या पार्लरमध्ये ज्याचे लहानपण गेले त्या माझ्या आतेभावाला मात्र हे बोलणे फारच लागले. भाच्याचे वर्णन अचूक होते, कारण घरी क्रेडिट, म्हणजे पार्लरमध्ये एका नाण्यात मिळणारा डाव, कितीही घेता येतात आणि मेलेला नायक आहे तिथेच उठून उभा राहतो. पण हा गेम घडवला गेला तो नाणे टाकणाऱ्यासाठी, त्याच्या खिशातली नाणी संपतात हे गृहीत धरून. ती अट परत लागू केल्यावर गेम काय दिसतो हे पाहण्यासाठी मी तो मूळच्या काठिण्य पातळीवर आणि एकाच क्रेडिटमध्ये संपवायचा असे ठरवले. मधल्या जागेवरून पुन्हा सुरू करण्याची सोय फक्त सरावासाठी वापरायची, हेही स्वतःला बजावले.

जेल रोडच्या बाजारातून साधा कंट्रोलर आणला. या गेमला बटणे दोनच लागतात, एक मारण्याचे आणि एक उडी मारण्याचे. दोन्ही एकदम दाबली की भोवतीचे सगळे शत्रू कोसळतात, मात्र त्याची किंमत आपल्याच लाइफच्या पट्टीतून वजा होते. अमर्याद क्रेडिट असताना ही किंमत जाणवतसुद्धा नाही. एका क्रेडिटवर खेळताना मात्र दर वेळी हिशेब करावा लागतो की आत्ता थोडे लाइफ द्यायचे, की घेरले गेल्यावर सगळेच घालवायचे.

सर्वात मोठा फरक उभे राहण्याच्या जागेने पडला. शत्रू समोरून आणि पाठीमागून मारतात, वरखालून मारणे त्यांना फारसे जमत नाही. म्हणून सरळ रेषेत चालून न जाता आधी पडद्यावर थोडे वर किंवा खाली सरकायचे, बाजूने त्यांच्या अंगाशी भिडायचे, एकाला पकडायचे आणि जिकडे घोळका असेल तिकडे फेकायचे. फेकलेला गडी मागच्या दोघातिघांना घेऊन पडतो आणि तेवढ्या वेळात दुसरी बाजू मोकळी होते. घोळका कायम एकाच बाजूला ठेवणे हे या खेळाचे अर्धे कौशल्य आहे, आणि भाच्याला ते दिसले नाही याचे कारण त्याला त्याची गरजच पडली नव्हती.

पिस्तुलाची युक्ती मला या गेममधील सर्वात हुशार गोष्ट वाटते. बंदूकधारी शत्रू समोर आले की गेमचा नायक पनिशर आपणहून पिस्तूल उपसतो आणि मुठीमारीचा खेळ काही क्षणांपुरता गोळीबाराचा होतो. अनेकांना हे भाग सोपे आणि बिनडोक वाटतात, आणि सुरुवातीच्या स्टेजपुरते ते म्हणणे मान्य करायला हवे. पुढे मात्र गोळी झाडत असताना कुणीतरी अगदी जवळ येऊन पोहोचतो, आणि त्याला हाताने आवरायचे की लांबच्याला आधी पाडायचे हे क्षणात ठरवावे लागते. रस्त्यात सापडणारी रायफल किंवा आग ओकणारे हत्यारही दिसताक्षणी संपवून चालत नाही. स्टेजच्या शेवटी येणाऱ्या बॉसपर्यंत, म्हणजे मुख्य शत्रूपर्यंत, त्यात काही उरले, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. तीच गोष्ट फोडलेल्या पिंपांतून निघणाऱ्या खाण्याची. लाइफ जवळजवळ पूर्ण असेल तर ते तसेच पडू द्यायचे आणि टोळी निम्मी झाल्यावर उचलायचे.

मधल्या स्टेजविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, त्या सरावाने जमतात. जिगसॉ या बॉसची लढत नावाइतकी भयंकर नाही. शेवटचा बॉस किंगपिन मात्र खरोखर अंगावर येतो. त्याची लाइफची पट्टी हटता हटत नाही, सोबतीला त्याची माणसे असतात, आणि त्यांच्यात गुंतले की तो स्वतः धडकतो. मी अनेकदा तिथेच संपलो. शेवटी उपयोगी पडले ते ग्रेनेड. मोजकेच मिळतात म्हणून आधीच्या स्टेजमध्ये त्यांना हात लावला नाही आणि किंगपिन आपल्या माणसांसह एका ओळीत आला की टाकले. ज्या रविवारी तो पडला, त्या दिवशी शेवटचे लाइफ चालू होते आणि पट्टीत जेमतेम रेघ उरली होती.

भाच्याने ते सगळे मागे उभे राहून पाहिले आणि आपले मत थोडे सुधारले: गेम चांगला आहे, पण इतका वेळ कुणाकडे आहे? हा आक्षेप मला खोडता आला नाही. आतेभावाचा आक्षेप वेगळाच निघाला. त्याच्या मते त्याच वर्षीचा, कॅपकॉमचाच ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणतात तो गेम, याहून सरस आहे. त्यात निवडायला चार गडी आहेत, त्यांच्या चाली निरनिराळ्या आहेत आणि तिघांना एकत्र खेळता येते. या गेममधले पनिशर आणि निक फ्युरी हे दोन नायक मात्र हातात घेतल्यावर जवळजवळ सारखेच वाटतात. हे त्याचे म्हणणे मला पटते. तरीही पिस्तुलाचे ते भाग आणि मारल्यावर पडद्यावर उमटणारी कॉमिकमधली ठसठशीत अक्षरे ‘मुस्तफा’त नाहीत, असे मी त्याला सुनावले, त्यावर तो म्हणाला, “मग फ्युरी मी घेतो, किंगपिनपर्यंत माझं एक लाइफ तरी राखून दाखव.”