पेरेंटिंग कोच व्हायचे असेल, तर आधी संध्याकाळचा हिशेब मांडा

पालकत्वाचा सल्ला पैसे मोजून घ्यायचा, ही कल्पना कोल्हापुरात अजून पुरती रुजलेली नाही. घरात आजी असते, शेजारी काकू असतात, पेठेतल्या तालमीत वस्ताद असतात आणि या सगळ्यांचा सल्ला फुकट, बहुधा न मागताच मिळतो. त्यामुळे राजारामपुरीत मी पेरेंटिंग कोचचे काम सुरू केले तेव्हा ओळखीच्या बायकांचा पहिला प्रश्न ‘म्हणजे तुम्ही ट्यूशन घेणार का?’ असाच असे. आता त्यांच्यापैकीच काही जणी, आणि नोकरीतून मोकळ्या होऊ पाहणाऱ्या माझ्या काही मैत्रिणी, हे काम घर सांभाळून करता येईल का, असे विचारू लागल्या आहेत. ऑनलाइन जाहिरातींत याचे उत्तर ‘हो, सहज’ असे फार सोपे करून दिलेले असते. माझ्या मते काम समाधान देणारे आहे आणि दिवसाचा बराचसा भाग आपल्या हातात राहतो हेही खरे. पण मुलांजवळ राहता यावे म्हणून संध्याकाळची जी वेळ आपल्याला हवी असते, नेमकी तीच वेळ हे काम मागते.

मी मानसशास्त्रात एम. ए. केले आणि काही वर्षे घड्याळी तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवले. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको: शिकवले तेवढ्याच तासांचे पैसे, तेही कधी हाती पडतील याचा नेम नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्या अनिश्चिततेतून आल्यामुळे स्वतंत्र व्यवसायाची अनिश्चितता मला फारशी बोचली नाही. पक्क्या पगाराच्या नोकरीतून येणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला बरा.

या कामाला मागणी का आहे, याचे उत्तर ‘एकत्र कुटुंबे राहिली नाहीत’ असे ठोकळेबाज दिले जाते. माझ्याकडे येणारी निम्मी घरे तर एकत्रच आहेत. मला दिसणारे कारण वेगळे आहे. आपल्याला जसे मारून वाढवले तसे आपण वाढवायचे नाही, असे आजच्या आईवडिलांनी ठरवलेले आहे. शाळांपुरते कायद्यानेही ते ठरवून दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. पण छडी ठेवून दिल्यावर हातात दुसरे काय घ्यायचे, हे कोणी सांगितलेले नाही. मग चार दिवस समजावणे, पाचव्या दिवशी ओरडणे, त्या रात्री अपराधी वाटणे आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून मोबाइल देणे, असा फेरा सुरू होतो. (शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पालकांना त्यांच्या जबाबदारीची जाणीव करून देण्यात हे शहर तसे जुनेच आहे.)

प्रत्यक्ष काम कसे चालते, हे एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शिरोली एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या, मशीनवर काम करणारे एक गृहस्थ पत्नीसह आले. मुलगा दुसरीत. ‘मॅडम, पोरगं अजिबात ऐकत न्हाई बघा. अभ्यासाचं नाव काढलं की आदळआपट. तुम्हीच काय ते चार शब्द सांगा त्याला.’ मी मुलाला भेटले नाही, आणि भेटणार नाही हे आधीच स्पष्ट केले, कारण कोचचे काम मोठ्या माणसांबरोबर असते. मी त्यांना एवढेच विचारले की काल संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत घरात काय काय झाले, ते क्रमाने सांगा. त्यांना सांगता येईना. मग त्यांनी आठवडाभर वहीत चार रकाने भरायचे ठरले: वेळ, त्याच्या अगदी आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर घरातल्या मोठ्यांनी काय केले.

वही कारखान्यातल्या माणसाची असावी तशीच भरलेली होती, पाच-पाच मिनिटांच्या नोंदींसह. ती वाचताना त्यांच्याच लक्षात आले की बहुतेक आदळआपट त्यांनी दारात चप्पल काढल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत होत होती आणि घरात आल्यावर त्यांचे पहिले वाक्य रोज एकच होते: ‘अभ्यास झाला का?’ मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘जॉब रिजेक्ट झाला तर आम्ही जॉबला शिव्या देत न्हाई, मशीनचं सेटिंग बघतो.’ (जॉब म्हणजे मशीनवर घडवलेला सुटा भाग.) पुढचे पंधरा दिवस घरी आल्यावर आधी चहा, मुलाजवळ बसणे, त्याला जे सांगायचे आहे ते ऐकणे आणि अभ्यासाची वेळ मुलानेच ठरवलेली, जेवणाआधीची, असे चालले. आदळआपट थांबली नाही, कमी झाली. शुद्धलेखनाच्या दिवशी ती अजूनही होते. एवढ्या बदलाला महिना-दीड महिना लागतो, हे ज्याला धीराने सांगता येत नाही त्याने या कामात पडू नये.

आजी हा या शहरातला स्वतंत्र विषय आहे. आईवडिलांनी ठरवलेला नियम आजी दुपारी मोडते, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता दुसऱ्या भेटीला आजींनाही बोलावते. त्या येतात त्याच ‘आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?’ असे म्हणत. ‘वाढवलीत म्हणून तर तुम्हाला बोलावलं, आजी,’ असे म्हणून मी दुपारी नातू काय खातो, कधी झोपतो, कोणाशी खेळतो हे विचारते. घरातल्या कोणाहीपेक्षा त्यांना ते जास्त ठाऊक असते. नियम मग त्यांच्यासमोर आणि त्यांच्या संमतीने ठरतो, आणि बराच टिकतो.

हे सगळे कालपरवाच्या जाहिरातींतून आलेले नाही. डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैलींवर अभ्यास केला. हुकूमशाही, मोकाट सोडणारी आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळणारी, असे त्यांनी मांडलेले तीन प्रकार आजही प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी भेटतात. थॉमस गॉर्डन यांनी कॅलिफोर्नियात १९६२ मध्ये पालकांसाठी वर्ग सुरू केले आणि ‘तू नेहमीच असा’ म्हणण्याऐवजी ‘मला याचा असा त्रास होतो’ असे बोलायला शिकवले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. कोणाचाही वर्ग लावण्यापूर्वी एवढा पाया स्वतः वाचून घ्यावा. निम्म्या महागड्या अभ्यासक्रमांत याहून फारसे काही नसते.

प्रमाणपत्रांबाबत स्पष्टच बोलते. भारतात पेरेंटिंग कोच म्हणवून घ्यायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. शनिवार-रविवारचा ऑनलाइन वर्ग करून सोमवारी पाटी लावता येते आणि अशा पाट्या लागतही आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे आहेत. त्यांतल्या पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, तर दुसरीसाठी १२५ आणि ५०० तास. ती सर्वसाधारण कोचिंगची आहेत, पालकत्वाची नव्हेत, पण सल्ला न देता प्रश्न विचारण्याची शिस्त त्यातून येते आणि मास्तरकी केलेल्या माझ्यासारखीला ती शिस्त फार उपयोगी पडली.

शिकण्याइतकेच थांबणेही यावे लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला) १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती आपल्याकडे नसेल तर स्वमग्नता, अतिचंचलता, नैराश्य हे शब्द निदान म्हणून आपल्या तोंडून निघता कामा नयेत. मूल वयाच्या मानाने उशिरा बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे. माझ्या टेबलावरच्या कागदावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन क्रमांक कायम लिहिलेले असतात. आणि पहिल्याच भेटीत मी पालकांना सांगते की इथले बोलणे बाहेर जाणार नाही, मात्र मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली तर ती गुप्त राहणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. हे ऐकून क्षणभर सगळे गप्प होतात. तरीही ते सांगावेच लागते.

आता पैशाचे. शाळा पालक मेळाव्याला आवर्जून बोलावतात आणि मानधन म्हणून शाल-श्रीफळ देतात. शालींचा प्रश्न माझ्यापुरता कायमचा सुटला आहे. तरीही सुरुवातीला ही निमंत्रणे घ्यावीत, कारण खासगी भेटीला येणारे पालक तिथूनच मिळतात. सहा-आठ पालकांचा गट एकेकट्या भेटींपेक्षा माणशी स्वस्त पडतो आणि आपल्यालाही परवडतो. पुण्यात नोकरीला गेलेली कोल्हापूरची जोडपी ऑनलाइन भेटतात. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, ती करून घ्यावी. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची वार्षिक २० लाख उलाढालीची मर्यादा मात्र तूर्त मनावर घेऊ नये, तिथवर पोचायला वेळ आहे.

वेळेचे गणित असे की माझी सकाळ आणि दुपार खरोखर मोकळी असते: वाचन, नोंदी, बँकेची कामे. पालक मोकळे होतात रात्री आठनंतर, आणि आमच्या घरातही अभ्यास, जेवण, भांडण याच वेळेला असते. आम्ही आठवड्यातल्या तीन रात्री कामाला दिल्या, त्या रात्री स्वयंपाकघर नवऱ्याकडे, आणि उरलेल्या रात्री फोन बंद. अकरा वाजता व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘मॅडम, आत्ता काय करू?’ला सकाळी उत्तर जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे गर्दी, मे महिन्यात शुकशुकाट, आणि आषाढात गल्लीची त्र्यंबोली देवीची यात्रा ज्या मंगळवारी किंवा शुक्रवारी असेल त्या दिवशीच्या भेटी आपोआप रद्द. नोकरी सोडण्यापूर्वी निदान सहा महिने अशा तीन रात्री काढून पाहाव्यात, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते. वडिलांसाठीचा वेगळा गट रविवारी सकाळी आठला भरतो. आया येतात तेव्हा गाडीतच बसून राहणारे वडील याला मात्र वेळेवर येतात, फक्त फुटबॉलच्या हंगामात साडेनऊच्या आत गट सोडावा लागतो.