माट्साबांचा इंग्रजीचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या मराठी विभागासाठी लिहाल का, असा निरोप आला तेव्हा कोणाविषयी लिहायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. सत्तरच्या दशकात इंदूरच्या हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या आम्हा मुलामुलींना ज्यांनी इंग्रजी दिलं, त्या माट्साबांविषयी मी लिहिते आहे. त्यांचं नाव मुद्दामच देत नाही. प्रसिद्धी त्यांना कधी रुचली नाही, आणि त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना नुसतं ‘माट्साब’ म्हटलेलं पुरे होईल.

आम्ही रामबाग, नारायण बाग भागातली मुलं. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि शाळेत हिंदी, असा रोजचा रिवाज होता. इंग्रजी आली सहावीत. तोवर एबीसीडी आणि दुकानांच्या पाट्या एवढाच तिचा परिचय. त्या काळी हिंदी मुलखात इंग्रजीकडे बघण्याची नजरही सरळ नव्हती. डॉ. लोहियांचं ‘अंग्रेज़ी हटाओ’ आंदोलन ताजं होतं. बिहारमध्ये तर १९६७ साली, कर्पूरी ठाकूर शिक्षणमंत्री असताना, मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्तीच काढून टाकली होती. त्यामागची कळकळ मला आजही पटते, कारण निव्वळ इंग्रजीपायी हुशार पोरं घरी बसत होती. पण इंग्रजी न शिकता पुढे जायची वाट मात्र कोणी बांधून दिली नाही. माट्साब म्हणायचे, “हिंदी हमारी है, कहीं नहीं जा रही। अब अंग्रेज़ी भी ले लो।” या विषयावर याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

हिंदी माध्यमात इंग्रजी शिकवायची एक ठरलेली रीत होती. वाक्याच्या शेवटी ‘ता है, ती है, ते हैं’ आलं की साधा वर्तमानकाळ. ‘रहा है’ आलं की चालू. ‘चुका है’ आलं की पूर्ण. वर्ग एका सुरात हे घोकायचा. माट्साबांनी ही रीत मोडली नाही, सुरुवातीला तिचा आधार लागतोच. पण ती कुठे दगा देते ते त्यांनी पहिल्याच महिन्यात दाखवलं. फळ्यावर लिहिलं, ‘मैं यहाँ पाँच साल से रहता हूँ’. शेवट सांगतो साधा वर्तमानकाळ, पण इंग्रजीला तिथे ‘हॅव’ लागतं, कारण पाच वर्षांपूर्वी सुरू झालेलं राहणं अजून चालूच आहे. “शेपूट बघून काळ ओळखू नका, वेळ बघा,” हे त्यांनी आम्हाला हिंदीतून सांगितलं. पुढे व्याकरणाची पुष्कळ पुस्तकं माझ्या हातून गेली. इतक्या थोडक्यात हे सांगणारं एकही भेटलं नाही.

त्याच वाक्यातल्या ‘से’वर त्यांनी पुढचे कितीतरी तास घेतले. हिंदीत चाकू से काटा, बस से गया, दिल्ली से आया, सुबह से बैठा है, दो घंटे से बैठा है, राम से बड़ा, साँप से डरा. सगळीकडे एकच ‘से’. इंग्रजीत मात्र विथ, बाय, फ्रॉम, सिन्स, फॉर, दॅन, ऑफ. शुद्ध हिंदी घरातल्या मुलाला हे सात शब्द म्हणजे निव्वळ पाठांतर. माट्साब स्वतः उज्जैनकडचे, घरची बोली माळवी, पण रामबागेत भाड्याने राहून मराठी छान बोलू लागले होते. वर्गातल्या मराठी मुलांना ते उभं करायचे आणि विचारायचे, हे तुमच्या घरी कसं म्हणतात? दिल्लीहून. सकाळपासून. रामापेक्षा. बघता बघता फळ्यावर ‘से’ची फोड होऊ लागायची. ‘हून’ तिथे फ्रॉम, ‘पेक्षा’ तिथे दॅन. चाकूने आणि बसने या दोन ठिकाणी मात्र मराठीही अडायची, दोन्हीकडे ‘ने’च. तेव्हा ते सांगायचे, हातात धरलेलं हत्यार असेल तर विथ, प्रवासाचं वाहन असेल तर बाय. घरची भाषा शाळेत बोलायला लाजणारी आम्ही मुलं त्या तासाला हिंदी मुलांची मदतनीस झालो. याचं मोल मला तेव्हाही कळत होतं.

उलट बाजूही होती. मराठी मुलं ज्या ठिकाणी ठेचकाळायची तिथे हिंदीही तशीच ठेचकाळायची, आणि मग सगळा वर्ग एका नावेत. मेरे पास साइकिल है, मेरे दो भाई हैं, मुझे बुखार है. मराठीत माझ्याकडे सायकल, मला दोन भाऊ, मला ताप. जवळ असणं, नातं असणं आणि दुखणं असणं आपण वेगवेगळं बोलतो, इंग्रजी तिन्हींना एकच ‘हॅव’ वापरते. आणि हे ‘हॅव’ मालकीचं किंवा नात्याचं असलं की त्याला ‘इंग’ लागत नाही. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ तेव्हा सगळ्या शहरात ऐकू यायचं, अजूनही येतं. माट्साब त्यावर कोणाला कधी हसले नाहीत. ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ चालतं, कारण जेवण ही होत असलेली गोष्ट आहे. भाऊ हे काही आपण करत नसतो, एवढं ते सांगायचे आणि पुढे जायचे.

त्यांचा खरा जीव होता रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत. गाइडांमध्ये म्हणींची लांबलचक यादी असायची, परीक्षेला त्यातल्या चार-पाच यायच्या. ती यादी ते आम्हाला घरी वाचायला सांगत. वर्गात मात्र गिव्ह अप, पुट ऑफ, गेट अलाँग, रन आउट ऑफ असले लहान लहान शब्द घेत. मुलांना हेच फार छळायचं. गिव्ह म्हणजे देणं आणि अप म्हणजे वर, मग सोडून देणं आलं कुठून? यावर त्यांनी विचारलं, “‘वे चल बसे’ में कौन चला और कौन बसा?” वर्ग गप्प. चलना म्हणजे चालणं, बसना म्हणजे वस्ती करणं, आणि दोन्ही मिळून माणूस वारला! मग मार डाला, कह बैठा, रो पड़ी, पी गया. हिंदीतल्या या जोडक्रिया आम्ही जन्मापासून बोलत होतो आणि त्यातला दुसरा शब्द वेगळा काढून कधी बघितलाच नव्हता. ‘पी जाओ’ला ड्रिंक अप, ‘खा डालो’ला ईट अप, ‘बैठ जाओ’ला सिट डाउन. मराठीतलं ‘खाऊन टाक’ही त्याच जातीचं. मूळ क्रियेला संपवण्याची, झटक्याची, नाइलाजाची छटा देणारा एक जोडीदार प्रत्येक भाषेने आपापल्या रीतीने शोधला आहे, हे बाराव्या वर्षी समजणं ही मोठी मिळकत होती.

आणि रेडिओ! आकाशवाणीवर कसोटीचं समालोचन आळीपाळीने हिंदी आणि इंग्रजीतून व्हायचं. हिंदीत आमच्या इंदूरचेच सुशील दोशी, इंग्रजीत अनंत सेटलवाड, सुरेश सरैया अशी मंडळी ऐकायला मिळत. नुकतं हिंदीत ऐकलेलं लगेच इंग्रजीत कानावर पडायचं, म्हणजे अर्थ आधी ठाऊक आणि शब्द मागून. इंग्रजी ऐकायला शिकण्याची याहून चांगली सोय हिंदी मुलखातल्या मुलाला दुसरी नव्हती, असं मी ठामपणे म्हणेन. जानेवारी १९७५ मध्ये चेपॉकला वेस्ट इंडिजविरुद्ध अ‍ॅन्डी रॉबर्ट्सने सात बळी घेतले, भारताचा डाव १९० वर आटोपला आणि विश्वनाथ ९७ वर नाबाद राहिला. संक्रांतीच्या आसपासचे ते दिवस. त्या सामन्यातून उचललेल्या शब्दांवर माट्साबांनी पुढे एक अख्खा तास घेतला. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून वर ऊन आलं की सुकणाऱ्या मातीवर चेंडू वेडावाकडा उसळायचा, म्हणून अडचणीत सापडलेला माणूस ‘स्टिकी विकेट’वर. कोणी न सांगता आपल्या हिमतीने काही केलं तर ते ‘ऑफ हिज ओन बॅट’. १८५८ साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्यांना टोपी घेऊन दिली, त्यावरून हॅट-ट्रिक. शब्दामागची माती दिसली की शब्द विसरत नाही. मी तरी विसरले नाही.

शब्दकोशाची सवयही त्यांनीच लावली. फादर कामिल बुल्के यांचा अंग्रेज़ी-हिन्दी कोश १९६८ साली निघाला होता, आणि आपल्या ग्रंथालयात त्याची प्रत होती. बेल्जियममध्ये जन्मलेला हा जेझुइट १९३५ साली भारतात आला, प्रयाग विद्यापीठात त्याने रामकथेवर हिंदीतून प्रबंध लिहिला आणि रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात हिंदी शिकवली. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, ती बातमी माट्साबांनी वर्गात केवढ्या आनंदाने सांगितली होती! परक्या देशातला माणूस आपली भाषा इतकी आपली करतो, तर आपण इंग्रजीला का बिचकायचं, हे त्यांना त्यातून सुचवायचं होतं. कोशातले उच्चार देवनागरीत असल्यामुळे ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणणारी मुलंही शब्द आधी डोळ्यांनी, मग तोंडाने नीट करत.

पुढे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत राजभाषा विभागात काम केलं, बरीचशी नोकरी पुण्यात झाली. इंग्रजी परिपत्रकं हिंदीत आणायची, कधी हिंदीतली इंग्रजीत. ते सगळं काम मी माट्साबांच्या फळ्यावरच शिकून आले होते. आता आपल्या शाळेत इंग्रजी माध्यमाच्याही तुकड्या निघाल्या आहेत. तिथे इंग्रजीच्या तासाला हिंदी किंवा मराठी बोलायला मनाई आहे असं ऐकलं. ती मनाई उठवावी अशी माझी संचालक मंडळाला विनंती आहे. ‘से’ची फोड आणि जोडक्रियांचे तक्ते उतरवलेली माझी सातवीची वही अजून शाबूत आहे. तिच्या छायाप्रती काढून या लेखासोबत मुख्याध्यापकांकडे पाठवल्या आहेत. सहावी-सातवीच्या शिक्षकांनी त्या जरूर वापराव्यात, आणि काही अक्षर लागलं नाही तर मला विचारावं.