रामोजी फिल्म सिटी, बिनघोड्याचा टांगा आणि एक रिकामं स्टेशन

लग्नाला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत आम्ही दोघंच दोघं असे कुठे गेलो असू तर महाबळेश्वर, तेही लग्नानंतर आठव्या दिवशी. पुढे लेक, मग लेकीच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, माझं मार्च एंडिंग, चालूच. यंदा लेकच म्हणाली की तुम्ही दोघं जा कुठेतरी, आजीकडे मी बघते, आणि तिने परस्पर हैदराबादची तिकिटं काढून टाकली. नवऱ्याला विचारलं काय काय बघायचं, तर चारमिनार नाही, गोवळकोंडा नाही, बिर्याणीसुद्धा दोन नंबरला, एक नंबरला रामोजी फिल्म सिटी.

आता हे का ते सांगते. माझा नवरा सिनेमा बघताना "हा सेट आहे बघ" असं सांगणाऱ्या जमातीतला आहे. पडद्यावर आई मरतेय, मी इकडे रुमाल शोधतेय आणि हा म्हणतो, खिडकी बघ मागची, बाहेर रात्र आणि उजेड बघ कुठून येतोय. घोडबंदर रोडला पूर्वी आमच्या ओळखीतल्यांच्या बंगल्यात मराठी सिरीयलचं शूटिंग चालायचं, तिथे दोनदा जाऊन आल्यापासून तर हा स्वतःला आर्ट डायरेक्टरच समजतो.

गाडी कल्याणहून होती. म्हणजे आधी ठाण्याहून लोकलने कल्याण, रात्रीच्या गर्दीत, दोन बॅगा आणि गूळपोळ्यांचा डबा घेऊन (संक्रांत नुकतीच झाली होती). ठाण्याच्या लोकांना याच्यापुढे काही सांगायला नको. नवरा चोवीस वर्षं ठाणे-सीएसएमटी करतोय. स्टेशनवर तो माझा हात धरत नाही, माझ्या पर्सचा पट्टा धरतो, म्हणजे चुकामूक झाली तरी पैसे वाचतील असं मी म्हणते. प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर टेकलेला तर मी त्याला आजवर बघितलेला नाही.

हैदराबादला दिलसुखनगरला उतरलो होतो. सकाळी मेट्रोने एल. बी. नगर आणि तिथून विजयवाडा हायवेला जाणारी बस, पाऊण तासात गेट. नऊला उघडतं, आम्ही साडेआठलाच हजर, कारण याला कुठेही वेळेवर पोचलं की उशीर झाल्यासारखं वाटतं. तिकीट माणशी हजाराच्या वर आहे, तेव्हा दिवसभर वसूल करायचंच या तयारीने जा. आणि बाहेरचं खाणं आत चालत नाही, हे मी नीट न वाचल्यामुळे आठ गूळपोळ्या आम्ही गेटबाहेर उभ्या उभ्या संपवल्या. तूप नव्हतं. दोन एका आंध्राच्या कुटुंबाला दिल्या, त्यांनी आम्हाला बोब्बट्लू म्हणून काहीतरी सांगितलं, म्हणजे त्यांची पुरणपोळी, मग दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी हातवारे करून पुरण या विषयावर चर्चा झाली.

गेटपासून आत जायला त्यांचीच बस लागते कारण जागा अफाट आहे. १६६६ एकर. जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ कॉम्प्लेक्स म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. १९९६ साली रामोजी रावांनी हे उभं केलं. ईनाडू हा तेलुगू पेपर त्यांचा, प्रिया लोणची त्यांची, ईटीव्ही त्यांचं, २०२४ च्या जूनमध्ये गेले. आणि मराठी माणसाला यात एक जास्तीची गंमत आहे, ती म्हणजे २००० साली सुरू झालेलं ई टीव्ही मराठी, जे पुढे २०१५ ला कलर्स मराठी झालं, त्याच्या बातम्या आपण ठाण्यात बसून बघायचो पण त्या यायच्या इथून, या माळरानातून! नवऱ्याचा एक आतेभाऊ तेव्हा इथे बातम्यांच्या डेस्कवर होता. पुण्या-औरंगाबादकडची कितीतरी पोरं तेव्हा पहिली नोकरी म्हणून इथे यायची. हा आतेभाऊ सुट्टीवर आला की आमच्याकडे येऊन फक्त पोहे मागायचा, तीन तीन प्लेट. गडचिरोलीची बातमी लिहायची, सोलापूरची लिहायची आणि खिडकीबाहेर बघितलं तर कुणीतरी हिरो तेलुगूत गुंडांना उडवतोय, असं सांगायचा. आम्हाला तेव्हा तो फेकतोय असं वाटायचं.

आत स्वागताचा नाच वगैरे होतो, तो बघितला, ठीक आहे. मग लाल रंगाच्या उघड्या बसमधून स्टुडिओ टूर. गाईड पोरगा हिंदी-तेलुगू मिसळून बोलत होता, जोक रोजचेच असणार पण टायमिंग चांगलं. आणि इथून माझ्या नवऱ्याचा खरा दिवस सुरू झाला.

एक बिल्डिंग समोरून एअरपोर्ट, वळसा घातला की हॉस्पिटल. म्हणजे हिरो विमानातून उतरणार, धावत हॉस्पिटलला जाणार, आणि प्रत्यक्षात तो त्याच भिंतीला चक्कर मारून मागे आलेला असणार. लंडनची गल्ली आहे, तिच्यातली घरं नुसती दर्शनी, दार उघडलं की मागे मोकळं आकाश आणि बांबू. नवरा प्रत्येक वेळी "बघितलंस? सांगत होतो ना!" म्हणून माझ्या मांडीवर चापट मारत होता, दुपारपर्यंत मांडी दुखायला लागली. अरे बाबा, इथे सगळं खोटंच आहे, ते सांगायलाच त्यांनी तिकीट घेतलंय.

पण मग देऊळ आलं. चांगलं मोठं, दाक्षिणात्य गोपुराचं, आणि गाभारा रिकामा. गाईड म्हणाला सिनेमात ज्या देवाचं देऊळ हवं त्याची मूर्ती आणून ठेवायची, आज तिरुपती, उद्या देवी. सगळे हसले. मी वळून बघते तर हा पठ्ठ्या पायरीशी बूट काढतोय. मी म्हटलं, अरे देव नाहीये आत. तर म्हणाला माहितीये गं, पण बरं वाटत नाही. त्या काढण्या-घालण्यात डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि पुढचा सगळा दिवस तो बूट बेडकासारखा तोंड उघडत चालला. नवे बूट पायाला चावतील म्हणून जुने घालून आला होता, घ्या आता.

त्यानंतर रेल्वे स्टेशन. या एका जागेसाठी मी हे सगळं लिहायला बसलेय.

खरं स्टेशन वाटतं. प्लॅटफॉर्म आहे, शेड आहे, बाकडी आहेत, रूळ आहेत, गाडीसुद्धा उभी असते. नावाची पाटी सिनेमाप्रमाणे बदलतात, एक रंगाऱ्याचा ब्रश फिरला की स्टेशन पंजाबातून थेट तामिळनाडूत. आमची बस तिथे थांबली, लोक उतरून गाडीच्या दारात लटकून फोटो काढायला लागले. आणि नवरा गेला, एका बाकड्यावर बसला, पाय लांब केले, पाठ टेकली. मी बाजूला जाऊन बसले. पुलावर कोणी धावत नाहीये, अनाउन्समेंट नाही, तीनवरची गाडी पाचवर येतेय असं काही नाही, वारा येतोय. म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा स्टेशनवर बसलोय आपण."

खरंच की. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती आमच्या ठाण्याला आली, शाळेत असल्यापासून छाती फुगवून सांगतो आम्ही हे. आणि त्याच ठाण्याच्या माणसाला स्टेशनवर दोन मिनिटं निवांत टेकायला सातशे किलोमीटर लांब, खोट्या स्टेशनवर यावं लागतं. उजेड चुकीच्या बाजूने येतोय का वगैरे याने काही बघितलं नाही. गाईडने शिट्टी मारली तरी उठेना, म्हणाला जाऊ दे, पुढची पकडू. पुढची बस म्हणायचं होतं त्याला, पण तोंडात लोकलचीच भाषा.

बाहुबलीचा सेट नंतर वेगळा बघितला. तो पर्यटकांसाठी ठेवलाय तसाच, माहिष्मतीचे पुतळे, हत्ती, सिंहासन, भल्लालदेवाचा रथ. लांबून दगड, जवळ गेलं की फायबर, आणि मी बोटाने टकटक केलं तर पिंपासारखा आवाज आला. पण रंगकाम काय केलंय! दगडावर पाणी ओघळून शेवाळ धरतं ना, ते डागसुद्धा रंगवलेत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले आणि स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला, ते का हे इथे कळतं, रंगाऱ्याशिवाय ही दुनिया उभीच राहत नाही. कंपोझिशन, कॅमेरा, ग्राफिक्स सगळं नंतर. हे माझं मत आहे, नवरा म्हणतो लायटिंग आधी. त्यावर जेवेपर्यंत भांडलो. जेवण ठीक, सांबार चांगलं, गर्दी भरपूर.

दुपारचा तो शो मात्र चुकवू नका, सिनेमा कसा बनतो ते दाखवतात तो. तीन दालनं आहेत. पहिल्यात शूटिंग. प्रेक्षकांतून एक बाई हवी म्हणाले, धन्नोचा टांगा पळवायला, गुंड मागे लागलेत. नवऱ्याने माझाच हात धरून वर केला. मी नको नको म्हणेपर्यंत स्टेजवर. वय सत्तेचाळीस, अंगात पंजाबी ड्रेस, केसांना क्लचर, आणि बसवलं टांग्यावर. घोडा नाहीच! नुसता टांगा, खाली स्प्रिंग, हलवायला माणसं, समोरून पंखा. मला म्हणाले मागे वळून घाबरून बघा, चाबूक हाणा, ओरडा. आधी लाज वाटली. मग मला एकदम आमच्या तीन पेट्रोल पंपावरची शेअर रिक्षा आठवली, एका बाजूला लटकून बसलेय आणि रिक्षावाला खड्ड्यातून चौथ्या गियरमध्ये, आणि मग मात्र मी अशी ओरडले की पंखा धरलेला पोरगा दचकला.

दुसऱ्या दालनात आवाज. इथे नवऱ्याने स्वतःहून उडी मारली. कोणाला चाकांचा आवाज, कोणाला वाऱ्याचा, याला टापांचा. करवंट्या आपटायच्या. मघाचं शूटिंग पडद्यावर मुकं चालतं आणि बघून बघून ताल धरायचा. याचा ताल सुरू झाला आणि मला हसू आवरेना, कारण टापा नव्हत्याच त्या, रुळांचे जोड होते, टकटक-टकटक, टकटक-टकटक, कळव्याच्या पुढे फास्ट लोकल सुटते तसा. बरं, पडद्यावर टांगा थांबला तरी याचा घोडा आपला पळतोच आहे.

तिसऱ्या दालनात सगळं जोडून दाखवतात. मागे डोंगर, दगडधोंडे, पाठलाग करणारे गुंड, मध्येच मी. मागचं चित्र जोडलं, आवाज जोडले, आणि खरंच सांगते, क्षणभर मला माझीच काळजी वाटली. जेमतेम अर्धा-एक मिनिट असेल. टांग्यावर बसून हलत होते, घोडा नव्हता, टापा माझ्या नवऱ्याच्या, सगळं सगळं माहीत असून. बाजूला बघितलं तर नवरा गप्प. मी विचारलं, काय रे, सेट आहे ना? म्हणाला, "थांब जरा."

नंतर बाग झाली, पक्षी झाले, फुलपाखरं झाली, बुटाला दोरी बांधून झाली. संध्याकाळी दिवे लागले की छान दिसतं, बसायला जागा धरून ठेवा. आम्ही लवकर निघालो, दोरीसुद्धा सुटायला आली होती.

परतीची गाडी कल्याणला लागली तेव्हा नेमका ऑफिसचा टाइम. बॅगांसकट लोकलमध्ये कसे चढलो ते विचारू नका, ठाण्याला उतरलो नाही, बाहेर आलो एवढंच. पर्सचा पट्टा त्याच्या मुठीत. एक बाकडं रिकामं दिसलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात त्यावर चार माणसं बसली.

घरी आल्या आल्या लेकीने विचारलं, आई बसंती झालेली तो व्हिडिओ दाखव. कारण फोन याच्याकडे होता आणि याने पूर्ण शूट केलंय, हे हा ट्रेनमध्ये दहा वेळा सांगत होता. लावला. दोन मिनिटं अकरा सेकंद. सुरुवातीपासून शेवटपर्यंत याचा डावा बूट, उघड्या तोंडाचा. मी कुठेच नाही. लांबून माझी किंकाळी ऐकू येते तेवढीच, आणि अगदी जवळून याचा आवाज, शेजारच्या कोणाला तरी हिंदीत सांगतोय, "देखो देखो, वो अपनी मिसेस है."