वावरातून थेट गंजात

इकडे इंग्लंडमध्ये नव्या आलूचं एवढं कौतुक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आपल्या नागपुरात हिवाळ्यात गोकुळपेठ मार्केटमध्ये पातळ सालीचे, माती लागलेले आलू दिसले की आई किलोभर जास्त घेते, संपला विषय. इथे जून लागला आणि शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी आपलं एक अख्खं झाड उपटून सगळे आलू माझ्या पिशवीत टाकले, कारण माझे अजून तयार नव्हते. वर बजावलं की घरी जाऊन आधी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळत ठेव, उद्यावर ढकलायचं असेल तर दुकानातलेच आण! ओळख फक्त मान हलवण्यापुरती होती हो, मला खरंच भरून आलं.

प्लॉट म्हणजे अलॉटमेंट, कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, भाड्याने मिळणारी जमीन, भाजीपाल्यासाठी. 1908 च्या कायद्यापासून ही सोय करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. पूर्ण प्लॉट साधारण 250 चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. मला अर्धाच मिळालाय.

तर आजच का शिजवायचं. कोवळ्या आलूत साखर जास्त आणि स्टार्च कमी असतो, खणून ठेवला की हळूहळू ती गोडी कमी होत जाते. साल इतकी नाजूक की अंगठ्यानं घासली की निघते, सोलायची गरजच नाही, आणि सोलायचेही नाहीत, अर्धी चव सालीतच आहे. मोठे जुने आलू थंड पाण्यात टाकून उकळायला ठेवतात म्हणजे आतबाहेर सारखे शिजतात, पण हे लहान आलू उकळत्या पाण्यातच टाकायचे, मीठ, पुदिन्याची एक काडी, बारा-पंधरा मिनिटं, सुरी सहज आत गेली की लगेच पाणी काढायचं आणि मिनिटभर उघडे ठेवून वाफ जाऊ द्यायची. मग बटर. बस. मी पहिला आलू नुसताच खाल्ला, मिठाशिवाय दुसरं काही नको वाटलं, आणि हे मी तर्री-पोह्यावर वाढलेली पोरगी सांगून राहिली आहे.

उरलेल्यांना मात्र मी तडका दिलाच. जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, आलू हातानं थोडे दाबून फोडलेले म्हणजे मसाला आत जातो. इथे कोणी म्हणालं की मसाल्यानं आलूची चव मरते तर मला पटत नाही. शिळ्या आलूची मरत असेल. ताज्या आलूची गोडी मिरचीसोबत उलट जास्त कळते, आणि बटरमध्ये घोळवलं की तेवढी चव शुद्ध राहते आणि फोडणीत टाकलं की बिघडते, हा कुठला न्याय? आजोबांना डबा नेऊन दिला, त्यांनी संपवला.

एक सांगते, आलूबोंड्याला हे आलू चालत नाहीत. स्टार्च कमी म्हणून नीट मोकळे कुस्करले जात नाहीत, चिकट गोळा होतो. बोंड्याला आपला जुना आलूच पाहिजे, तिथे आपणच बरोबर आहोत.

आणि नागपूरवाल्यांना आलूची कदर नाही असं कोणी म्हणू नये. नागपूरच्या कळमना बाजारात आलू आग्रा-कानपूरकडून ट्रकनं येतो, त्यात आपला काय दोष? आलूला रात्रीची थंडी लागते, आपल्या मे महिन्याच्या 45 डिग्रीत तो जमिनीत धरतच नाही. इथे मार्चअखेर लावून जूनमध्ये काढतात, आपल्याकडे तोच खेळ हिवाळ्यात होतो, एवढाच फरक.

म्हणून गच्ची असलेल्या सगळ्यांना सांगते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावून पहा. कुफरी पुखराज लवकर येणारी जात आहे, बियाण्याचे आलू मिळाले तर तेच घ्या. आपली काळी माती घट्ट होते, त्यात रेती आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा, खोल कुंडी किंवा जुनं पोतं चालेल, झाड वर येईल तशी माती चढवत जा. दोन-अडीच महिन्यांनी कडेनं हात घालून चाचपून पहा, अंड्याएवढे झाले की काढा. उन्हानं हिरवे पडलेले असतील ते खाऊ नका, फेकून द्या. आणि खणायच्या आधी गॅसवर पाणी ठेवा.