काफ स्टार्टर : नवी डीओसी आणि हळदीची पट्टी

काफ स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान वासरांच्या सुरुवातीच्या खुराकात, मका भरडा तोच, गूळ तोच, मिनरल मिक्श्चर तेच. बदलला तो फक्त सोया डीओसीचा (तेल काढून उरलेल्या सोयाबीन पेंडीचा) लॉट, आणि कालवडींचं शेण पातळ झालं. सकाळी गव्हाणीत निम्मं स्टार्टर तसंच! सलग तीन दिवस किलोभर खाल्ल्याशिवाय दूध तोडायचं नाही हा आपला नियम, त्यामुळे दूधही लांबलं.

गोणीवर प्रोटीन ४६ टक्के छापलंय, आणि ते खोटं असेलच असं नाही. लॅबवाले नायट्रोजन मोजून ६.२५ नं गुणतात. वासराला त्यातलं पचेल किती, हे त्या आकड्यात येत नाही. टोस्टिंग, म्हणजे कारखान्यात पेंड तापवणं, कच्चं राहिलं की ट्रिप्सिन इनहिबिटर (प्रोटीन नीट पचू न देणारा सोयातला घटक) शिल्लक राहतो. तो मोजणं आपल्या आवाक्याबाहेरचं. पण साधारण तेवढ्याच उष्णतेला सोयातलं युरिएजही (युरियातून अमोनिया सोडवणारं एन्झाइम) मरतं, म्हणून त्याच्याच मागे लागलो.

काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत जुनी डीओसी, दुसरीत नवी. दोन्ही बारीक दळलेल्या. वर चिमूट युरिया आणि कोमट पाणी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी ओली करून झाकणात अडकवली. ती मिश्रणाला टेकता कामा नये. अमोनिया लागला की हळद लाल होते. चहा संपेपर्यंत नव्या लॉटची पट्टी कडेनं विटकरी झाली होती, जुन्याची पिवळीच. झाकण उघडलं तर अमोनियानं नाक झोंबलं. इतक्या घाण वासानं इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता! (बरण्या एकाच वेळी लावा. फार वेळ ठेवल्या तर चांगली डीओसीही थोडा रंग दाखवते.)

आता गोणीचं करायचं काय? कढईत भाजली तर वरून करपट आणि पट्टी तरीही लालसर. मग पाणी शिंपडून, फडक्यात बांधून इडलीपात्रात वाफवली. पट्टी पिवळी राहिली! पण पावसाळ्यात ती वाळवायची कुठे? पंख्याखाली पातळ पसरूनही मधला थर दमट राहतो, आणि बुरशीचा धोका पत्करायची माझी तयारी नाही. शिवाय जास्त शिजलेलं ही पट्टी दाखवत नाही. लायसिन (प्रोटीनमधलं वासराला लागणारं अमिनो आम्ल) जळलं तरी ती पिवळीच राहणार. त्यासाठी लॅबमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली प्रोटीनची विद्राव्यता काढून घ्यावी लागेल. गूळ मात्र वाफवल्यानंतरच घाला. साखरेबरोबर तापवलं की लायसिन आणखी जातं.

सरकी पेंड घालून भागवा, असं कुणीतरी सुचवेलच. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे एवढ्या लहान वासरांना मी ती देत नाही. सुट्या मापानं डीओसी देणारा दुकानदारही आता बंद. लॉट नंबर नसेल तर माल नको.

पुढचा बेत डीओसी थोडी कमी करून मका डीडीजीएस (मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) घालायचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, हीच बरणी उलटी का लावू नये? दुधातला युरिया ओळखायला सोयाबीनची पूड वापरतातच. डीडीजीएसमध्ये कच्च्या सोयाबीनची पूड घालायची, वरून युरिया मुळीच नाही. तरीही पट्टी लाल झाली तर भेसळीचा युरिया गोणीतच आहे! एक किलो युरिया कागदावर २.८७ किलो प्रोटीन दाखवतो, आणि रुमेन (पोटाचा पहिला मोठा कप्पा) तयार न झालेल्या वासराला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट अपायच. डीडीजीएसची गोणी कालच आलीय. आधी बरणी, मग फॉर्म्युला.