सभेआधीचा कागद

२० जून. व्यसनविरोधी दिन २६ जूनला, म्हणून गावातल्या व्यसनमुक्ती मोहिमेचं उद्घाटनही त्याच दिवशी, असा सगळ्यांचा आग्रह. पण खान्देशात तेव्हा पेरणीची घाई असते. पारावर येणार कोण? त्या दिवशी फक्त शाळेतला पहिला तास घ्यावा. गावची सभा पोळ्यानंतर, कापूस वेचणीच्या आधी, रात्री साडेआठला. पारावर बाया बसत नाहीत. त्यांच्यासाठी बचत गटाच्या बैठकीतली वीस मिनिटं मागून घ्यायची.

सभेत कितीही चांगलं बोला, शेवटी एखादी माय हळूच विचारते, "आते पोऱ्याले कोठे लई जाऊ?" उत्तर नसेल तर पुढच्या सभेला ती येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. म्हणून माइक-बॅनरच्या आधी एक अर्ध्या पानाचा कागद हवा: व्यसनावर उपचार करणारे डॉक्टर कुठे, कोणत्या वारी बसतात, एसटी किती वाजता, सोबत कोणती कागदपत्रं. खाली १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. प्रत्येक नंबर आधी स्वतः लावून पाहायचा.

याच सभेत एक गोष्ट ठासून सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्याला माळ घालून एका दिवसात दारू सोडायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं दिसू लागतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं लागलं, आणि भगताकडे जाण्यात जीव जातो. माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टर. अल्प्राझोलमच्या, म्हणजे झोपेसाठी-घबराटीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तेच. एकदम बंद केल्या तरी फिट येऊ शकते. फिट आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, १०८ लावा.

शाळेत सातवी ते नववी, एका वेळी एकच वर्ग. पटांगणात सगळी शाळा बसवली की मागच्या रांगेला फक्त आवाज ऐकू येतो. सांगाड्याची चित्रं नकोत: मुलाचा काका गांजा ओढूनही धडधाकट दिसतो, मग आपलं खरंही त्याला खोटं वाटतं. पुड्यांचे नमुने, नावं, भावही नकोत, कुतूहल वाढतं. व्यसन सुटलेल्या माणसाचं भाषण मुलांपुढे ठेवू नये, याबाबत संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यसन-प्रतिबंधाच्या २०१८ च्या मानकांनीही सावध केलं आहे. पालकांच्या बैठकीत मात्र तोच माणूस सोन्यासारखा.

त्यापेक्षा नकाराचा सराव. जोडीनं, तीन मिनिटं: "घे ना, एकदाच." "नको, घरी जायचंय," आणि पाय हलवायचे. कारणं देत बसला की समोरचा खोडून काढतो. दर आठवड्याला चाळीस मिनिटं, बारा आठवडे. सुरुवात तंबाखू-गुटख्यापासून, म्हणून पहिली बैठक शिक्षकांची. खिशात पुडी असेल तर तास फुकट.

प्रश्नपेटीसाठी बुटांचा खोका चालतो. चिठ्ठी सगळ्यांना द्यायची. प्रश्न नसेल त्यानं फुली मारायची, म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही.

आणि मोजपट्टी. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखूविक्रीला बंदी आहे. कुंपणापासून मोजून ग्रामसभेत आकडा ठेवायचा.

त्या अर्ध्या पानावर शेवटची ओळ कोरी सोडली आहे: 'सोबत कोण जाणार'. ती सभेतच भरायची.